आईच्या थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये आवाजाला धोका कसा काय?

तुम्ही लिहिलंय की आईची थायरॉइडची गाठ काढायची आहे आणि सही घेताना डॉक्टर म्हणाले, ‘आवाज बसू शकतो, बोटांना मुंग्या येऊ शकतात.’ गाठीचा आवाजाशी आणि बोटांशी काय संबंध, हा तुमचा प्रश्न. मी सर्जन नाही. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचनाशास्त्र शिकवते, आणि मानेतली ही जागा दर वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये उघडून दाखवते.

थायरॉइड कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून असते. निरोगी ग्रंथी जेमतेम २० ग्रॅमची, पण तिला रक्त भरपूर लागतं. वरून दोन आणि खालून दोन अशा चार धमन्या तिला येऊन मिळतात. सर्जनला त्या बांधाव्या लागतात, आणि त्यांना खेटूनच आवाजाच्या चेता, म्हणजे मेंदूचे संदेश स्नायूंकडे नेणारे दोरे, जातात. सगळी अडचण या शेजारामुळे आहे.

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि चेतेलाही, म्हणून ‘नस दुखावली’ म्हटलं की घरचे रक्तस्राव समजून घाबरतात. इथे प्रश्न चेतेचा आहे. ग्रंथीचा एक भाग चिमट्याने हलकेच पुढे ओढला की मागे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीत एक पांढुरका दोरा दिसतो, तीच ही चेता. मुलं हमखास त्याला छोटी धमनी समजतात. मी त्यांना तो बोटांत धरून पाहायला लावते: धमनी पोकळ असल्याने चपटी होते, हा दोरा भरीव लागतो. कंठमण्याच्या आतल्या स्वरयंत्राचे एक सोडून सगळे स्नायू हाच हलवतो.

याची वाट विलक्षण आहे. मेंदूकडून येणारी व्हेगस चेता मानेतून सरळ छातीत उतरते. तिथे तिची ही शाखा फुटते, डावीकडे महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर गळ्याकडे येते. उजवीकडे तसाच वळसा हाताकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीखालून, थोडा वरच. गर्भात हृदय मानेजवळ असतं. ते खाली सरकतं, आणि त्याच्या धमन्यांखालून गेलेली चेता त्यांच्याबरोबर खाली ओढली जाते. जिराफात हा फेरा काही मीटरचा होतो! दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन या ग्रीक वैद्याने किंचाळणाऱ्या डुकराच्या याच चेता बांधल्या, आणि डुक्कर जिवंत असूनही त्याचा आवाज बंद झाला.

आता मुंग्यांचं. थायरॉइडच्या पाठीला मसुरीच्या डाळीएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. रंगाने त्या आसपासच्या चरबीसारख्याच दिसतात, त्यामुळे मलाही त्या शोधायला वेळ लागतो. पहिल्यांदा त्यांची नोंद झाली ती माणसात नव्हे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या भारतीय गेंड्यात, इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांच्या हातून. माणसातल्या १८८० मध्ये स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी वर्णिल्या. ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा बिघडला की कॅल्शियम उतरतं आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात. हे बहुतेकदा पहिल्या दोन-तीन दिवसांत कळतं. बऱ्याच जणांत काही आठवड्यांत सुरळीत होतं, तोवर गोळ्या द्याव्या लागतात. आईला सांगून ठेवा, मुंग्या आल्या तर लगेच नर्सला बोलवायचं, अंगावर काढायचं नाही. पहिल्या दिवशी मान फुगली किंवा श्वास अडू लागला तर एक मिनिटही थांबू नका.

नंतर आवाज घोगरा आला म्हणजे चेता तुटली असं नाही. भूल देताना घशात घातलेल्या नळीनेही काही दिवस तसं होतं. चेता फक्त ताणली गेली असेल तर आवाज काही आठवड्यांत, कधी महिन्यांत परत येतो. कायमचा बिघाड अनुभवी हातांत क्वचितच होतो. ऑपरेशनआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू दुर्बिणीतून तपासून घ्यायचे का, हे मात्र जरूर विचारा. आधीच एक बाजू मंद असेल तर सर्जनला ते माहीत हवं.

आणि आई भजनं म्हणत असेल, वरच्या पट्टीत गात असेल, तर तेही सांगा. वरच्या धमनीला लागून एक केसासारखी बारीक चेता जाते. मघाशी जो एक स्नायू सोडला, तो स्वरतंतू ताणून सूर चढवणारा स्नायू हिच्यावर चालतो. ती दुखावली तर बोलणं जवळपास पूर्वीसारखंच राहतं, पण चढा सूर लागत नाही.