सात सर्टिफिकेटं झाली तरी झोप लागेना

"मॅडम, वय एक्केचाळीस झालं, आता नक्की कुठलं सर्टिफिकेशन करू म्हणजे नोकरी टिकेल?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच, शब्द थोडे इकडेतिकडे, वय कधी पस्तीस कधी सत्तेचाळीस, पण धास्ती तीच. मी पुण्यात करिअर समुपदेशन करते आणि आयटीतली माणसं माझ्याकडे बरीच येतात, म्हणून आज एक केस सविस्तर सांगते. त्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पहिला फोन त्यांच्या बायकोचा आला होता. म्हणाल्या, "हे रात्री जेवण झालं की परत लॅपटॉप उघडून बसतात, परीक्षा आहे म्हणतात, एक झाली की लगेच दुसरी, मुलगी दहावीला आहे पण तिच्यापेक्षा यांचाच अभ्यास जास्त चाललाय आणि चिडचिड तर विचारू नका." मी म्हटलं त्यांना यायचं असेल तरच पाठवा, ओढून आणू नका. दहा दिवसांनी ते स्वतः आले. हातात प्लॅस्टिकची फाइल, पासपोर्ट ऑफिसला जाताना लोक नेतात ना तशी, प्रत्येक कप्प्यात एक कागद.

सोळा वर्षं प्रॉडक्शन सपोर्टमध्ये. म्हणजे मोठ्या क्लायंटचे, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे सर्व्हर सांभाळायचे, रात्रीची शिफ्ट, काही बंद पडलं की पहिला फोन यांना. टीम अकरा जणांची होती ती वर्षभरात सहावर आली, शेजारच्या डेस्कवरचा मित्र एका शुक्रवारी दुपारी लॅपटॉप जमा करून गेला, आणि पुढच्याच सोमवारच्या मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी सगळ्यांना अपस्किल व्हा म्हणून सांगितलं. त्या सोमवारपासून यांनी जे सुरू केलं ते चौदा महिन्यांत सात सर्टिफिकेटं. एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनची क्लाउड सेवा, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर) क्लाउड प्रॅक्टिशनर, अझूरचं (मायक्रोसॉफ्टची तशीच सेवा) एझेड-९००, आयटी सेवा कशी चालवावी याचं आयटीआयएल फाउंडेशन, टीमने काम करायच्या पद्धतीचं एक स्क्रमचं, परत एडब्ल्यूएसचंच सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट, अजून दोन. असोसिएटच्या परीक्षेत १३० मिनिटांत ६५ प्रश्न असतात, १००० पैकी ७२० लागतात, यांना ८६१ होते. मी मनापासून अभिनंदन केलं तर त्यांनी मान खाली घातली.

माझ्याकडे यायचं कारण आठवं होतं. एका क्लासचा डेटा सायन्स आणि एआयचा कोर्स, १ लाख २० हजार, बिनव्याजी हप्ते, वर नोकरीची हमी. फॉर्म भरून आणला होता, फक्त सही बाकी. त्यांना माझ्याकडून एक 'हो' हवा होता.

मी म्हटलं फॉर्म बाजूला ठेवू, आधी सांगा, शेवटचा इंटरव्ह्यू कधी दिलात. तर दोन महिन्यांपूर्वी. तिथे विचारलं, प्रायव्हेट सबनेटमध्ये (नेटवर्कचा बाहेरून थेट पोचता न येणारा भाग) सर्व्हर आहे, त्याला बाहेरच्या इंटरनेटवरून पॅच (दुरुस्तीचा अपडेट) आणायचाय, कसा आणेल? म्हणाले, "उत्तर मला माहिती होतं मॅडम, नॅट गेटवे. पण मला ते तिसरा पर्याय म्हणून माहिती होतं. त्याने विचारलं का, बाहेरून कुणी आत येऊ शकेल का मग, आणि माझं डोकं कोरं झालं." (नॅट गेटवे म्हणजे आतून बाहेर जाऊ देणारं, पण बाहेरून आत येऊ न देणारं दार.) मग हळूच सांगितलं की सातपैकी पाच परीक्षा त्यांनी डम्प पाठ करून दिल्या होत्या. डम्प म्हणजे खऱ्या परीक्षेतले चोरून बाहेर आणलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. प्रश्न पूर्ण वाचायच्या आधीच पर्याय ओळखू यायचा, इतकं पाठ.

आता मी इथे स्पष्टच लिहिते. परीक्षेला बसताना आपण मजकूर गुप्त ठेवण्याच्या करारावर हो म्हणतो, डम्प वापरल्याचं सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं आणि पुढच्या परीक्षांना बंदीही येऊ शकते, हे एक. पण त्या माणसाचं जे झालं होतं ते मला जास्त लागलं. प्रत्येक नव्या कागदाबरोबर त्यांची भीती वाढत गेली होती. आधी भीती एकच, नोकरी जाईल. आता दुसरी, कुणीतरी विचारेल आणि आपण पकडले जाऊ. पास झाल्याचा मेल आला की दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या रात्री परत छातीत धडधड, की मग पुढची परीक्षा बुक. सोळा वर्षं प्रामाणिक काम केलेला माणूस स्वतःला लबाड समजायला लागला होता.

मी टेक्निकल नाही, पण मी सगळ्यांना एक गोष्ट विचारते ती त्यांनाही विचारली. मागच्या सहा महिन्यांतली अशी एक रात्र सांगा की तुम्ही नसतात तर काम अडलं असतं.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले एक आहे, पण छोटी आहे. रात्री पावणेतीनला फोन, एका ॲप्लिकेशनला नवीन फाइलच लिहिता येईना, एरर येतोय की डिस्कवर जागा नाही. ज्युनिअर मुलगा घाबरलेला, कारण डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांड मारली तर चाळीस टक्के जागा रिकामी दिसत होती. सगळे स्टोरेज टीमला शिव्या घालत होते. यांनी तीच कमांड आय लावून मारली आणि लक्षात आलं की आयनोड संपलेत. मी म्हटलं मला नाही कळलं. तर माझ्याच टेबलावरचं पेन घेतलं, पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढले आणि म्हणाले, "असं समजा, वर्गात बाकं रिकामी आहेत पण हजेरीपटाची पानं संपलीत. मग नवीन मुलाला बसवणार कसं? प्रत्येक फाइलला हजेरीपटात एक ओळ लागते, तिला आयनोड म्हणतात. कुठल्यातरी प्रोग्रॅमने लाखो बारीक बारीक फाइल करून ठेवल्या होत्या, जागा खाल्ली नाही पण ओळी सगळ्या खाल्ल्या." पंचवीस मिनिटांत शोधलं, जुन्या फाइल काढल्या, सकाळी क्लायंटला कळलंसुद्धा नाही. हे सांगताना माणूस खुर्चीत पुढे सरकून बसला होता, आवाज बदलला होता.

मी फाइलकडे बोट दाखवून विचारलं, या सातांपैकी कुठल्या कागदावर ही रात्र दिसते? त्यांनी खरंच एकेक कप्पा उलटला. शेवटच्या कप्प्यात एक जुना पिवळट कागद निघाला, एमएस-सीआयटी, २००३ चं, तालुक्याच्या सेंटरचं. म्हणाले हे मी मोजतच नाही. मग स्वतःच बोलायला लागले, सेंटरवर एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, आपली पाळी येईपर्यंत वहीत लिहून ठेवायचो काय काय करून बघायचंय. "तेव्हा करून बघायला मिळावं म्हणून जायचो," एवढंच म्हणाले आणि कागद परत ठेवला.

फॉर्मवर सही झाली नाही. मी नको करू म्हटलं नाही, महिनाभर थांबा म्हटलं, आणि दिवाळीपर्यंत एकही परीक्षा बुक करायची नाही असं ठरवलं. हे त्यांना फार जड गेलं, पहिले दोन आठवडे तर रोज मेसेज, मॅडम मागे पडतोय असं वाटतंय. झोपेचं आणि ॲसिडिटीचं मी डॉक्टरांना दाखवायला लावलं, ते माझं काम नव्हे. माझं काम वहीचं होतं. एक साधी दोनशेपानी वही, तिच्यात रोज एक जुनी घटना लिहायची, काय बंद पडलं, आधी काय वाटलं, खरं काय निघालं, कसं दुरुस्त केलं. इंग्रजीत अडायला लागले तर मराठीत लिहा म्हटलं. सहा आठवड्यांत एकतीस घटना झाल्या. बायकोने वाचली म्हणे वही, तिला सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं नवरा रात्री नक्की करतो काय.

मग सर्टिफिकेशनवर आलो, आणि आता निवड अवघड राहिलीच नव्हती. एकतीसपैकी बावीस घटना लिनक्सच्या. त्यांनीच आरएचसीएसएचं नाव काढलं, रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीची परीक्षा. मी माहिती काढली तेव्हा मला ती आवडली, कारण तिच्यात पर्याय निवडायचे नसतातच, समोर चालू मशीन देतात आणि कामं करून दाखवायची, ३०० पैकी २१० लागतात, इंटरनेट नाही, आणि केलेलं सगळं मशीन रीबूट केल्यावरही टिकलं पाहिजे. पाठ करून उपयोग नाही अशी परीक्षा त्यांना हवी होती. सरावाला खर्च शून्य, घरच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात रॉकी लिनक्स (रेड हॅटसारखंच लिनक्स), दोन्ही फुकट.

एका रविवारी दुपारी त्यांचा फोन, मला वाटलं काही बिनसलं. तर मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये एक ओळ चुकीची लिहिली, रीबूट केलं आणि मशीन वर येईचना, इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसलं. दोन तास लागले पण स्वतः बाहेर काढलं. "मॅडम, अडकलं होतं, आणि मी काढलं," दोनदा म्हणाले.

पहिल्या वेळी नापास झाले. १८८. मी मनाची तयारी करून बसले होते, पण ते आले ते निकालाचा कागद घेऊन, कुठल्या भागात किती टक्के ते त्यावर असतं, आणि शेल स्क्रिप्टच्या (कमांड ओळीने लिहून एकदम चालवायच्या) भागावर स्वतःच गोल करून आणला होता. म्हणाले निदान काय येत नाही ते तरी कळलं. सव्वादोन महिन्यांनी परत दिली, २५४. दुसऱ्या वेळची फी कंपनीने दिली, कारण यावेळी त्यांनी विचारलं. हे खूप जण विचारतच नाहीत. मोठ्या क्लाउड आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचा पार्टनर दर्जा टिकवायला सर्व्हिस कंपन्यांना ठराविक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, त्यामुळे कुठल्या परीक्षेचं व्हाउचर (फीत सवलत किंवा माफी देणारा कोड) चालू आहे हे मॅनेजरला किंवा ट्रेनिंगवाल्यांना विचारायला काहीच हरकत नाही. फक्त कंपनीला हवंय ते आणि आपल्या कामाला लागतंय ते एकच आहे का, एवढं बघून घ्यायचं.

हे वाचून कुणी लगेच आरएचसीएसएच्या मागे लागू नका, ते त्यांच्या कामाचं होतं. मॅन्युअल टेस्टिंगवाल्यांसाठी, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासणाऱ्यांसाठी, आयएसटीक्यूबी फाउंडेशन वेगळं, ४० प्रश्न आणि २६ बरोबर लागतात, त्याची मुदत संपत नाही, पण इंटरव्ह्यूत पुढचा प्रश्न ऑटोमेशनचा, म्हणजे प्रोग्रॅमकडून तपासून घेण्याचा, येणारच. नेटवर्किंगच्या मुलांना सिस्को कंपनीचं सीसीएनए, आणि त्याच्या सरावाला सिस्कोचंच पॅकेट ट्रेसर हे नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एझेड-९०० ला मुदत नाही पण ती ओळखीची परीक्षा आहे, अझूरवर रोज काम करणाऱ्याने एझेड-१०४ बघावं, ते एक वर्षच चालतं पण नूतनीकरण घरबसल्या आणि मोफत. शिकायचंच आहे आणि पैसे नाहीत तर एनपीटीईएलचे (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन) कोर्स बघायला मोफत आहेत. आणि एक फार बारीक गोष्ट, पण एका ताईंना सेंटरवरून परत जावं लागलं म्हणून सांगते, परीक्षेच्या अकाउंटवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव सारखं ठेवा, आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये कधी असतं कधी नसतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, त्यात घोळ होतो.

त्यांचं पुढे काय झालं. कंपनी तीच आहे. आतल्याच दुसऱ्या प्रोजेक्टसाठी इंटरव्ह्यू झाला, त्यात सर्टिफिकेटवर एकच प्रश्न आला आणि आयनोडच्या त्या रात्रीवर जवळजवळ अर्धा तास बोलणं झालं. दिवसाची शिफ्ट मिळाली. सर्टिफिकेटने मिळाली, वहीने मिळाली की दोन्हीने, हे माझ्याच्याने ठामपणे सांगवत नाही, पण कागदावरच्या ज्ञानाबद्दल कुणी खोदून विचारलं तर घाम फुटत नाही हे ते स्वतः सांगतात. नोकरीची खात्री त्यांना आजही नाही, मीही तशी दिली नाही.

मागच्या महिन्यात विचारत होते, ते ८६१ वालं एडब्ल्यूएसचं तीन वर्षांचं असतं, मुदत संपत आलीये, सोडून देऊ का. मी म्हटलं नवीन काम क्लाउडवर आहे ना, मग सोडायचं की नीट शिकायचं ते तुम्हीच ठरवा. आठ दिवसांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. स्वतःचं अकाउंट उघडून प्रायव्हेट सबनेटमध्ये एक सर्व्हर ठेवला होता, पब्लिक सबनेटमध्ये नॅट गेटवे उभा केला होता, आतून बाहेर अपडेट आला आणि बाहेरून आत काही जाईना, दोन्ही करून बघितलं. खाली लिहिलं होतं, "याला तासाला पैसे पडतात मॅडम, त्यामुळे बघून झाल्यावर लगेच काढून टाकला."