वाचकांचे प्रश्न : धबधब्यासमोर उभे कुठे राहावे?

पोळा झाल्यावर सोयाबीनची काढणी सुरू होईपर्यंत आपल्याकडे शेतीच्या कामातून थोडी उसंत मिळते आणि त्याच सुमारास नद्यांना भरपूर पाणीही असते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे धबधब्यांच्या छायाचित्रणाविषयी आहेत, ती कदाचित त्यामुळेच. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे जुना डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची लेन्स आहे. सोयाबीन घरात आले की कुटुंबासह बस्तरमधील चित्रकोट धबधबा पाहायला जाण्याचा विचार आहे. दुकानदाराचे म्हणणे असे, की एवढ्या मोठ्या धबधब्यासाठी 10-18 ची वाइड लेन्स घेतल्याशिवाय भागणार नाही. ती घ्यावी का?
— एक शेतकरी वाचक, उमरखेड तालुका

उत्तर : या सहलीसाठी तरी घेऊ नये. दृश्य मोठे म्हणून लेन्स वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी, हा समज फार पसरलेला आहे आणि मोठ्या धबधब्यांची कितीतरी छायाचित्रे त्याच समजापायी फसतात. चित्रकोटचेच माप घ्या. इंद्रावती तिथे सुमारे 30 मीटर खाली कोसळते आणि भर पावसाळ्यात घोड्याच्या नालेच्या आकाराच्या त्या कड्याची रुंदी जवळपास 300 मीटर होते. म्हणजे उंचीच्या दहापट रुंदी झाली. आपल्या कॅमेऱ्याची चौकट मात्र उंचीच्या दीडपटच रुंद असते. संपूर्ण कडा एका छायाचित्रात बसवायचे ठरवले, की लेन्स कोणतीही असो, पाण्याची भिंत चौकटीच्या उंचीचा जेमतेम सातवा हिस्सा व्यापते आणि बाकी सगळीकडे आकाश आणि नदीचे पात्र भरते. वाइड लेन्सने आपण थोडे जवळ उभे राहू शकतो, पण हे प्रमाण बदलत नाही. उलट काठावर ज्या जागेवर आपण मुळात उभे असतो, तिथूनच वाइड लेन्स लावली तर धबधबा आणखी लहान दिसतो.

आपल्याकडच्या लेन्सचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. एपीएस-सी सेन्सरच्या (म्हणजे बहुतेक साध्या डीएसएलआरमध्ये असतो त्या लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 18 मिलिमीटरला चौकटीत मावणारी रुंदी ही समोरच्या अंतराच्या साधारण सव्वापट असते, तर 55 मिलिमीटरला ती अंतराच्या सुमारे 40 टक्के असते. दोनशे मीटरवरून 18 ला सुमारे 250 मीटर रुंदीचा कडा येतो आणि त्याच जागेवरून 55 ला सुमारे 80 मीटरचा तुकडा येतो. माझा आग्रह त्या 80 मीटरच्या तुकड्यासाठी आहे. कड्याचे एखादे वळण निवडावे, जिथे पाणी काठावरून वाकून खाली सुटते ती धार वरच्या बाजूला ठेवावी आणि खाली उडणारा फवारा चौकटीत येऊ द्यावा. पाऊस ओसरल्यावर धबधब्याखालच्या डोहात नावा चालतात. त्यांतली एक नाव चौकटीत आली, की नावेतल्या माणसाच्या मानाने ती भिंत केवढी आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. मोठेपणा दाखवायचा तर चित्रात एक ओळखीचे माप हवे, मग ते माणूस असो, झाड असो की नाव.

संपूर्ण नाल एका चित्रात हवीच असेल तर कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येकात आधीच्या छायाचित्राचा तिसरा हिस्सा येऊ द्यावा, एक्स्पोजर (आत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) आणि फोकस हाताने ठरवून कायम ठेवावा आणि घरी आल्यावर ती संगणकावर जोडावीत. वाहते पाणी दोन छायाचित्रांत सारखे नसते, म्हणून सांधा शक्यतो खडकावर येईल असे पाहावे.

वाइड लेन्सची जागा वेगळी आहे. धबधब्याच्या पायथ्याशी, जिथे दोन हातांवर एखादा ओला खडक किंवा वाहता ओहोळ आहे आणि त्यामागे पाणी पडते आहे, तिथे ती उपयोगी पडते. चित्रकोटजवळच्या जगदलपूर शहरातूनच जाता येण्याजोगा तीरथगड धबधबा टप्प्याटप्प्याने उतरतो आणि पायऱ्या उतरून त्याच्या पायथ्याशी जाता येते. वाइड लेन्सची हौस तिथे फिटेल, आणि ती हौस नागपूर-अमरावतीत भाड्याने लेन्स घेऊनही भागवता येते. कर्नाटकातील जोगसारखा 253 मीटरचा धबधबा असेल तर गोष्ट पुन्हा उलटी होते. तिथे उंची हाच विषय असल्याने कॅमेरा उभा धरून दरीच्या पलीकडच्या काठावरून मध्यम झूमने घेतलेले चित्र पायथ्यावरून मान वर करून घेतलेल्या चित्रापेक्षा जास्त उंच भासते, कारण पायथ्यावरून कॅमेरा वर वळवला की कड्याचा वरचा भाग आक्रसतो.

लेन्सचे पैसे वाचले तर त्यातून दीड किलोच्या आतला एक ट्रायपॉड, चकाकी घालवणारा एक पोलरायझर फिल्टर आणि एक जादा बॅटरी घ्यावी. आणि एक गोष्ट सहज आठवली म्हणून लिहितो. चित्रकोटला कोसळणारी ही इंद्रावती पुढे आपल्याच गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेने वाहत सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. बस्तरला जाताना आपण परक्या नदीकडे जात नाही.

प्रश्न : सहस्रकुंड आम्हाला जवळ आहे, पण दरवर्षी पूर पाहायला जावे आणि छायाचित्रे मात्र मातकट, सपाट यावीत असे होते. कोणत्या वेळी जावे? इंद्रधनुष्य कधी दिसते?
— एक शिक्षिका, पुसद तालुका

उत्तर : पूर पाहायला जाणे आणि धबधब्याचे छायाचित्र घ्यायला जाणे ही दोन वेगळी कामे आहेत. नदी दुथडी भरली की धबधब्याखालच्या पात्रातही पाणी चढते, वरची आणि खालची पातळी जवळ येते आणि पडण्याची उंचीच नाहीशी होते. जबलपूरजवळ भेडाघाटचा धुवांधार तर नर्मदेच्या मोठ्या पुरात अक्षरशः बुडून जातो. सहस्रकुंडला पैनगंगेचे पाणी थोडे उतरले, की काळे खडक वर येतात, प्रवाह त्यांच्यामधून अनेक धारांनी विभागून पडतो आणि काळ्या-पांढऱ्यातला तो फरकच छायाचित्राला खोली देतो. म्हणून मोठा पाऊस उघडल्यानंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. त्यातून विसर्ग सुरू असल्याची सूचना असेल तर नदीपात्रातील खडकावर पाऊलही ठेवू नये, कारण आभाळ निरभ्र असतानाही तिथे पाणी वाढू शकते.

पाण्याच्या मातकट रंगाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. तो आपल्या शेतांतल्या मातीचा रंग आहे आणि श्रावण-भाद्रपदातली पैनगंगा तशीच असते. संगणकावर तो पांढरा करत बसू नये. छायाचित्र सपाट येते ते रंगामुळे नव्हे, तर भरदुपारच्या डोक्यावरच्या उन्हामुळे. ढगाळ दिवस असेल तर कधीही जावे आणि चौकटीतून पांढुरके आकाश वगळावे. ऊन असेल तर सकाळ किंवा दुपार उलटल्यानंतरची वेळ धरावी. त्यातली नेमकी कोणती, हे धबधब्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे त्यावर ठरते आणि ते मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात घरबसल्या पाहता येते. मुरलीकडून म्हणजे यवतमाळच्या बाजूने आणि इस्लापूरकडून म्हणजे नांदेडच्या बाजूने दिसणारा धबधबा वेगळा असतो, तेव्हा एकदा तरी दोन्ही काठ पाहून घ्यावेत.

इंद्रधनुष्य नशिबाने दिसते असे नाही, त्याचे गणित ठरलेले आहे. सूर्य आपल्या पाठीशी असला पाहिजे आणि आपल्या डोक्याची सावली जिथे पडते त्या दिशेपासून सुमारे 42 अंशांवर फवारा असला पाहिजे. सपाटीवर उभे राहिल्यास सूर्य क्षितिजापासून 42 अंशांच्या खाली असावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात तो तसा सकाळी साधारण नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर असतो. उंच काठावरून खाली फवाऱ्याकडे पाहत असाल तर सकाळी नऊनंतर किंवा दुपारी चारच्या आधीही धनुष्य दिसू शकते. पोलरायझर लावलेला असेल तर तो सावकाश फिरवून पाहावा, कारण एका स्थितीत धनुष्य गडद होते आणि तोच फिल्टर पाव वळसा पुढे गेला की धनुष्य पुसले जाते.

प्रश्न : चिखलदऱ्याच्या धबधब्यांचे दुधासारखे पाणी दिसणारे फोटो काढायचे आहेत. त्यासाठी एनडी फिल्टर कोणता घ्यावा? ट्रायपॉड एसटीने नेणे जमत नाही.
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अचलपूर तालुका

उत्तर : तीस मीटर खाली आलेले पाणी, हवेचा अडथळा सोडला तर, सेकंदाला सुमारे 24 मीटर वेगाने आदळते. शटर एक चतुर्थांश सेकंद उघडे ठेवले तर तेवढ्यात ते सहा मीटर सरकते, आणि 1/1000 सेकंदात फक्त अडीच सेंटिमीटर. हा आकडा समोर ठेवला की शटर स्पीड कशासाठी निवडतो ते स्पष्ट होते. लहान ओहोळाला दोन सेकंदांचे एक्स्पोजर शोभते. मोठ्या धबधब्याला तेवढे दिले की त्याच्या धारा, त्यांतल्या गाठी, खडकावर फुटणारे पाणी हे सारे जाऊन एक पांढरा पट्टा उरतो आणि त्याची ताकद निघून जाते. मोठ्या पाण्यासाठी 1/4 ते 1/2 सेकंदाच्या पुढे जाऊ नये, आणि पाणी जोरात असेल त्या दिवशी एकदा 1/1000 नेही घेऊन पाहावे.

ढगाळ हवेत आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) 100 आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ 11 ला शटर साधारण 1/30 येते. त्यावर एनडी 8, म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारी काळसर काच, लावला की 1/4 सेकंद मिळतो. कडक उन्हात शटर 1/250 च्या आसपास असते आणि तिथे त्याच 1/4 सेकंदासाठी एनडी 64 लागतो. चिखलदऱ्याला पावसाळ्यात कडक ऊन क्वचितच, म्हणून एनडी 8 पुरे. त्याहीआधी पोलरायझर घ्यावा असे मी सुचवीन. तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश अडवतोच, शिवाय ओल्या खडकांवरची आणि पानांवरची चकाकी काढून टाकतो, आणि मेळघाटचा हिरवा रंग त्यानंतर जसा दिसतो तसा कोणत्याही ॲपने येत नाही. फिल्टर टाळण्यासाठी अ‍ॅपर्चर एफ 22 पर्यंत लहान करू नये, कारण त्याने सगळेच चित्र मऊ पडते.

ट्रायपॉडऐवजी जाड कापडाची एक पिशवी शिवून घ्यावी आणि तिच्यात दोन किलो ज्वारी भरावी. व्ह्यू पॉइंटच्या कठड्यावर किंवा दगडावर ती ठेवून तिच्यात लेन्स रुतवली आणि दोन सेकंदांचा टायमर लावला, की अर्ध्या सेकंदाचे चित्र स्वच्छ येते. एसटीत पिशवी रिकामी न्यावी आणि ज्वारी किंवा डाळ मुक्कामाच्या गावी भरावी. भीमकुंडासारख्या ठिकाणी आपण दरीच्या काठावर असतो आणि पाणी दूर असते, तेव्हा वाइडपेक्षा 55-200 किंवा 70-300 लेन्सचा तिथे जास्त उपयोग होईल. धुके आले तर निघून जाऊ नये. ते सरकत असते, आणि ते फाटते त्या मिनिटभरात दरी जशी दिसते तशी स्वच्छ दिवशी दिसत नाही.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. दरेकसाजवळच्या हाजरा फॉलला जातो, पण पाणी नुसते पांढरे फटक येते.
— एक वाचक, सालेकसा तालुका

उत्तर : गर्द झाडी आणि काळा खडक चौकटीत जास्त असला की कॅमेरा त्याला उजळ करायला जातो आणि त्यात पाण्याचे तपशील जळतात. पडद्यावर पाण्याच्या सर्वांत पांढऱ्या भागावर बोट दाबून ठेवावे, फोकस कुलूपबंद झाला की शेजारची सूर्याची खूण खाली ओढावी आणि पाण्यातल्या धारा दिसू लागेपर्यंत चित्र काळे होऊ द्यावे. सावल्या नंतर उजळता येतात, जळालेले पांढरे परत येत नाही. अल्ट्रावाइडपेक्षा मुख्य कॅमेराच वापरावा, बहुतेक मोबाइलमध्ये त्याचा सेन्सर मोठा असतो.

प्रश्न : धबधब्याजवळ लेन्स सारखी ओली होते. मागच्या पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत जाळ्यासारखी बुरशी दिसली. काय काळजी घ्यावी?
— एक हौशी छायाचित्रकार, वणी तालुका

उत्तर : आधी वारा पाहावा. फवारा ज्या बाजूला वाहतो त्याच्या विरुद्ध काठावर उभे राहिले, की निम्मे काम होते. तरी धुवांधारसारख्या ठिकाणी, जिथे कठडा थेट फवाऱ्यात आहे, तिथे लेन्सचे तोंड खाली ठेवून चौकट मनाशी ठरवावी, एका हाताने कोरडे मायक्रोफायबर कापड काचेवर धरावे, कॅमेरा वर करून कापड काढताच लागोपाठ चार-पाच चित्रे घ्यावीत आणि पुन्हा झाकावे. पुसताना थेंब आधी टिपून घ्यावा, मग कापड फिरवावे. थेट घासले तर फवाऱ्यातली बारीक रेती काचेवर ओरखडे काढते. कापडे तीन-चार असावीत आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात ठेवावीत. धबधब्याजवळ लेन्स बदलू नये. एसी गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढू नये, बॅगेतच दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावा, नाहीतर थंड काचेवर दव धरते.

बुरशी ओलाव्यात आणि अंधारात वाढते. कातड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत पावसाळाभर बंद ठेवलेली लेन्स तिला हमखास बळी पडते. घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्स पंख्याखाली रात्रभर उघड्यावर ठेवाव्यात आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवाव्यात. निळी सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होते. ती मंद आचेवर पुन्हा निळी होईपर्यंत तापवली की परत वापरता येते, मात्र त्या निळ्या रंगासाठी वापरलेले रसायन विषारी असल्याने त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये. सध्या लागलेली बुरशी काचेच्या कडेला असेल तर छायाचित्रात ती दिसतही नाही. पण ती पसरत जाऊन काचेवरचा लेप खाते, म्हणून लेन्स लवकर दुरुस्तीला द्यावी आणि तोवर ती इतर लेन्ससोबत एका डब्यात ठेवू नये.