जास्त साक्षर मतदारसंघांत मतदान कमी दिसले, तर शिकलेले लोक मतदान टाळतात असे लिहिता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही मतदारसंघनिहाय साक्षरता आणि मतदानाची टक्केवारी गोळा केली, रिग्रेशन (एका आकड्याबरोबर दुसरा सरासरीने किती बदलतो हे रेषेने मोजण्याची रीत) चालवले, रेषेचा उतार ऋण आला, म्हणजे साक्षरता जास्त तिथे मतदान कमी दिसले, आणि तो सांख्यिकीय दृष्ट्या सार्थही निघाला. आता ‘शिकलेले लोक मतदान टाळतात’ असा निष्कर्ष लिहावा का, आणि तो लिहिता येत नसेल तर कोणती प्रगत पद्धत शिकावी, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. तुमची माहिती मतदारसंघांविषयी आहे आणि तुमचे विधान माणसांविषयी आहे. हे अंतर कोणतेही सॉफ्टवेअर आपोआप भरून काढत नाही, म्हणून दुसऱ्या भागाचे उत्तर देण्याआधी त्याचाच विचार करू.

समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्यातला धोका विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० साली एका छोट्या लेखात दाखवून दिला. त्याने अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतील दहा वर्षे व त्यापुढील लोकांची माहिती घेतली. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरतेचे प्रमाण यांचा राज्यांच्या पातळीवरचा सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे उणे एक ते अधिक एक या दरम्यानचे माप) त्याला सुमारे उणे ०.५३ आढळला, म्हणजे स्थलांतरित जास्त असलेल्या राज्यांत निरक्षरता कमी होती. त्यावरून स्थलांतरित लोक अधिक साक्षर असावेत असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात व्यक्तींच्या पातळीवर तोच सहसंबंध अधिक ०.१२ होता, म्हणजे स्थलांतरितांमध्ये निरक्षरता किंचित जास्तच होती. याचे कारण असे की, बाहेरून आलेले लोक प्रामुख्याने अशा राज्यांत वसले जिथली मूळची प्रजाच अधिक साक्षर होती. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: राज्यांऐवजी देशाचे नऊ मोठे विभाग घेतले की तो ऋण सहसंबंध वाढून सुमारे उणे ०.६२ होतो. माणसे तीच आणि जनगणनाही तीच, पण सीमारेषा कुठे आखल्या यावर आकडा बदलतो.

तुमच्या माहितीला हे कसे लागू होते ते एका काल्पनिक मतदारसंघावरून पाहू. तिथे मतदारांपैकी ८० टक्के साक्षर आहेत आणि एकूण मतदान ६० टक्के झाले आहे, असे समजा. साक्षरांपैकी किती टक्के लोकांनी मतदान केले? सगळ्याच निरक्षरांनी मतदान केले असेल, तर शंभरातली २० मते त्यांची आणि उरलेली ४० मते ८० साक्षरांची, म्हणजे साक्षरांचे मतदान ५० टक्के. एकाही निरक्षराने मतदान केले नसेल, तर ६० च्या ६० मते साक्षरांची, म्हणजे ७५ टक्के. साक्षरांविषयी आपल्याला एवढेच ठामपणे म्हणता येते की त्यांचे मतदान ५० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान आहे. निरक्षरांविषयी तर काहीच म्हणता येत नाही, कारण त्यांची मर्यादा शून्य ते शंभर अशी पूर्ण उघडी राहते. डंकन आणि डेव्हिस यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही मर्यादांची रीत गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे काहीही मागत नाही, आणि तरीही समूहाच्या आकड्यांत किती माहिती आहे व किती नाही, हे ती कोणत्याही रिग्रेशनपेक्षा प्रामाणिकपणे सांगते. प्रत्येक मतदारसंघासाठी हा हिशेब करून तो प्रबंधात तक्त्याच्या रूपात द्या, असे मी आग्रहाने सुचवेन. पुढे गॅरी किंग यांनी १९९७ मध्ये या मर्यादा आणि संभाव्यतेचे प्रतिमान यांची सांगड घालणारी पद्धत मांडली. ती शिकण्यासारखी आहे, मात्र तिच्यामागची गृहीतके समूहाच्या माहितीवरून पूर्णपणे तपासता येत नाहीत हे लक्षात ठेवूनच ती वापरावी.

मग तुमचा ऋण उतार आला कुठून? जास्त साक्षर मतदारसंघ बहुधा अधिक शहरी असतात आणि शहरांत लोक वारंवार घर बदलतात. त्यामुळे मतदारयादीत जुन्या पत्त्यावरची नावे तशीच राहून जातात. मतदानाची टक्केवारी काढताना छेदस्थानी यादीतली नावे असतील, तर अशा नावांमुळे एकाही माणसाने मतदान न टाळताही टक्केवारी खाली येते. छेद बदलला की राजकारणाचे चित्र किती बदलते, याचे चांगले उदाहरण अमेरिकेत आहे: १९७२ नंतर तिथले मतदान घसरत गेले असे दीर्घकाळ मानले जात होते, पण मॅकडॉनल्ड आणि पॉपकिन यांनी २००१ मध्ये दाखवले की ही घसरण बहुतांशी छेदामुळे दिसत होती. मतदानाच्या वयाच्या लोकसंख्येत नागरिक नसलेल्यांचा आणि शिक्षेमुळे मताधिकार गमावलेल्यांचा वाटा वाढत होता. मतदानास पात्र असलेल्यांचीच संख्या छेदस्थानी घेतल्यावर तशी घसरण उरली नाही. साक्षरतेच्या आकड्यालाही हीच तपासणी लावा. जनगणनेतली साक्षरता मतदानाचे वय न झालेल्या मुलांनाही मोजते (भारतात ती सात वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी काढली जाते), जनगणनेचे विभाग आणि मतदारसंघ यांच्या सीमा जुळतीलच असे नाही, आणि लिहिता-वाचता येणे म्हणजे तुम्ही ज्या अर्थाने ‘शिकलेले’ म्हणता ते नव्हे.

यावर तुम्ही म्हणाल की मग थेट व्यक्तींचे सर्वेक्षण वापरतो. तो मार्ग अधिक बरोबर आहे, पण तिथे वेगळी काळजी घ्यावी लागते. मतदान हे सत्कर्म मानले जात असल्याने, न केलेलेही अनेक जण केले म्हणून सांगतात. सर्वेक्षणातली उत्तरे मतदानाच्या अधिकृत नोंदींशी ताडून पाहणाऱ्या अमेरिकी अभ्यासांत असे आढळले आहे की, मतदान न केलेल्यांपैकी अधिक शिकलेले लोक ‘मी मतदान केले’ असे सांगण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे सर्वेक्षणात शिक्षण आणि मतदान यांचा संबंध आहे त्यापेक्षा अधिक घट्ट दिसू शकतो. नमुना मोठा केल्याने हा दोष जात नाही. हजाराऐवजी लाख लोकांना विचारले तरी सगळी चूक एकाच दिशेला झुकलेली राहते, आणि यादृच्छिक त्रुटी कमी झाल्यामुळे आपला विश्वास मात्र उगाच वाढतो.

कार्यकारणाचा प्रश्न त्याहून कठीण आहे. शिकलेल्या घरातली मुले जास्त शिकतात आणि त्याच घरात राजकारणाची चर्चाही होते. मग मतदान शिक्षणामुळे झाले की घरामुळे? मिलिगन, मोरेत्ती आणि ओरियोपोलस यांनी २००४ मध्ये यावर उत्तम वाट काढली. सक्तीच्या शिक्षणाचे कायदे बदलल्यामुळे काही पिढ्यांना जास्त काळ शाळेत राहावे लागले, आणि हा बदल कोणाच्या घरच्या वातावरणावर अवलंबून नव्हता. त्याचा आधार घेऊन त्यांना अमेरिकेत शिक्षणाचा मतदानावर स्पष्ट परिणाम आढळला, ब्रिटनमध्ये मात्र तसा आढळला नाही. मतदार नोंदणीच्या वेगवेगळ्या व्यवस्था हे या फरकामागचे एक कारण असल्याचे त्यांनी सुचवले. याच संदर्भात एक सावधगिरी सांगतो: ‘जितकी नियंत्रक चले (ज्यांचा प्रभाव वेगळा काढण्यासाठी रिग्रेशनमध्ये घातलेले इतर घटक) अधिक तितके चांगले’ हा समज सोडा. शिक्षणामुळे राजकारणात रस वाढतो आणि त्या रसामुळे मतदान होते, असे तुमचे म्हणणे असेल, तर राजकीय रुची नियंत्रक म्हणून घातल्यावर ज्या परिणामाचा शोध घ्यायचा आहे त्याचाच एक भाग तुम्ही काढून टाकता.

एवढे वाचून गोळा केलेली माहिती फेकून देऊ नका. समूहाची माहिती समूहाविषयीच्या प्रश्नासाठी अगदी योग्य असते. रघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा २००४ मधला अभ्यास पाहा. भारतात ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत स्त्रियांसाठी राखीव असलेली प्रमुखपदे यादृच्छिक रीतीने ठरत होती. पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांत त्यांनी राखीव आणि अराखीव ग्रामपंचायतींची सार्वजनिक कामे ताडून पाहिली. स्त्रियांच्या तक्रारींत ज्या कामांना प्राधान्य होते, त्यांवर राखीव पंचायतींत अधिक भर दिला गेला: दोन्हीकडे पिण्याचे पाणी, आणि बीरभूममध्ये रस्तेसुद्धा. इथे निर्णय पंचायत घेते, मोजमाप पंचायतीचे आहे आणि निष्कर्षही पंचायतीविषयीच आहे, म्हणून साधी सरासऱ्यांची तुलनासुद्धा इतके काही सांगून जाते. तुमच्या बाबतीत असाच समूहाचा प्रश्न शोधता येईल. उदाहरणार्थ, मतदारयादीची पडताळणी झाल्यानंतर मतदानाची टक्केवारी कशी बदलली, किंवा मतदान केंद्रांची संख्या वाढवलेल्या मतदारसंघांत इतरांच्या तुलनेत काय घडले. त्याच मतदारसंघांचे आधीच्या दोन-तीन निवडणुकांचे आकडे मिळाले, तर प्रत्येक मतदारसंघाची त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी तुलना करता येईल आणि शहरीपणासारखे सावकाश बदलणारे घटक बऱ्याच अंशी बाजूला पडतील.

सार्थकतेविषयी थोडक्यात: उतार सार्थ निघाला याचा अर्थ एवढाच की, प्रतिमानाची गृहीतके खरी मानली तर इतका मोठा उतार निव्वळ योगायोगाने दिसणे दुर्मीळ ठरते. छेद चुकीचा असेल किंवा विधान भलत्याच पातळीवरचे असेल, तर त्याची सूचना हा आकडा देत नाही.

शिकण्याच्या क्रमाबद्दल माझे मत असे आहे की, आधी संभाव्यता आणि नमुना निवड नीट समजून घ्यावी, मग मापनाची वैधता, मग एका चलाचे आणि अनेक चलांचे रिग्रेशन, आणि त्यानंतरच कार्यकारणाच्या रचना. यासाठी लागणारे बहुतेक गणित शालेय बीजगणिताच्या आवाक्यातले आहे. ‘आर’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात सगळे पायऱ्या-पायऱ्यांनी लिहावे लागत असल्याने आपण काय गृहीत धरले ते दिसत राहते. सध्याच्या प्रकरणात मात्र निष्कर्ष असा लिहा: ‘अभ्यासलेल्या मतदारसंघांपैकी जिथे साक्षरतेचे प्रमाण जास्त आहे, तिथे यादीतील मतदारांच्या तुलनेत झालेले मतदान सरासरीने कमी आढळले, साक्षर व्यक्तींच्या मतदानाविषयी या माहितीवरून विधान करता येत नाही.’ याच्या खाली मर्यादांचा तक्ता जोडा, आणि छेद कोणता घेतला व तो का घेतला हे पहिल्याच परिच्छेदात नोंदवा.