अमेरिकेतील वसाहतींनी ब्रिटनविरुद्ध बंड केले ते केवळ चहावरील करामुळे का?

नाही, चहा हे निमित्त होते, मूळ वाद अधिकाराचा होता. १७६३ मध्ये संपलेल्या सप्तवार्षिक युद्धाने ब्रिटन कर्जात बुडाले आणि ज्या संसदेत वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता, तिने १७६५ चा मुद्रांक कायदा (छापील व कायदेशीर कागदपत्रांवरील कर) व पुढे आयात मालावरील जकाती त्यांच्यावर लादल्या. विशेष म्हणजे १७७३ च्या कायद्याने, चहावरील कर कायम असूनही, ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्तच होणार होता. तरीही बॉस्टनमध्ये आंदोलकांनी ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, कारण तो चहा विकत घेणे म्हणजे संसदेचा कर लावण्याचा हक्क मान्य करणे, हे त्यांनी नेमके ओळखले होते. माझ्या मते लढ्याचे मर्म इथेच आहे. १७७५ मध्ये युद्ध पेटले, ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला गेला आणि फ्रान्सच्या मदतीमुळे १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसच्या सैन्याला शरण यावे लागले. (हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल झाला आणि मराठे व निजाम यांच्यासह टिपूविरुद्ध लढला.) मात्र १७८३ च्या पॅरिस तहाने स्वातंत्र्य मिळाले तरी एकसंध राष्ट्र उभे राहिले नव्हते, मध्यवर्ती काँग्रेसला (राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला) कर बसवण्याचाच अधिकार नव्हता, म्हणून १७८७ मध्ये फिलाडेल्फिया येथे नवी राज्यघटना तयार झाली, आणि तिने गुलामगिरी संपवली नाही.