वाचकांचे प्रश्न : मदत कार्यालयातल्या मानसशास्त्रज्ञाचं काम काय?

प्रश्न : सामाजिक साहाय्य कार्यालयात मानसशास्त्रज्ञ आहेत. मुलासाठी दर आठवड्याला समुपदेशन मागितलं, तर त्यांनी दवाखान्यात पाठवलं. मग त्या तिथे कशासाठी?

उत्तर : त्यांचं चुकलं नाही. उपचार हे आरोग्यसेवेचं काम. उदाहरणार्थ, ब्राझीलमध्ये २०११ पासून प्राथमिक सामाजिक संरक्षणाच्या, म्हणजे अडचणीतल्या कुटुंबांना आधार देणाऱ्या सरकारी सेवेच्या, पथकात मानसशास्त्रज्ञ सक्तीचा आहे, पण त्याने तिथे मनोपचार करावेत अशी अपेक्षा नाही. त्याने समाजकार्यकर्त्याच्या जोडीने कुटुंबाची एकूण परिस्थिती पाहायची असते.

समजा, एका बाईचा अर्ज कागदपत्रांअभावी तीनदा परत गेला. कारकून म्हणतो, ‘निष्काळजी आहे.’ मानसशास्त्रज्ञ विचारतो : कागद कोणाच्या ताब्यात असतात? पैसे हातात कोणाच्या पडतात? झोप लागते का? हे नवऱ्यासमोर विचारून काही हाती लागत नाही, म्हणून तिला एकटीला बोलवायचं. सुरुवात भाडं, शिधा, मुलांची शाळा इथून, मनाचं नंतर. ज्याच्या घरात उद्याचा शिधा नाही, त्याला भावना विचारणं म्हणजे थट्टाच. उपचारांची गरज दिसली तर पुढे पाठवायचं, पण नुसती चिठ्ठी देऊन नव्हे. चिठ्ठी घेतलेली माणसं वाटेतच हरवतात : तारीख ठाऊक नसते, प्रवासखर्च नसतो, पुन्हा सगळं सांगायची लाज वाटते. त्यांच्यासमोरच दवाखान्यात फोन करावा, तारीख आणि भेटायच्या व्यक्तीचं नाव लिहून द्यावं आणि दोन आठवड्यांनी गेलात का, हे विचारावं.

मात्र, अर्जदार खरं बोलतो की खोटं, हे ओळखण्याच्या कामाला मानसशास्त्रज्ञाला जुंपू नये. एकदा तसं झालं की कोणी त्याच्यापाशी मन मोकळं करत नाही.

प्रश्न : मी याच सेवेत नुकतीच रुजू झाले. फाईलमध्ये किती लिहू?

उत्तर : सामायिक फाईल बरेच जण वाचतात. तिथे भेटीची तारीख, कोण हजर होतं, काय ठरलं आणि पुढचं पाऊल, एवढंच पुरे. ‘चिडखोर’, ‘असहकार्य करणारी’ असली विशेषणं नकोत. ती फाईलबरोबर वर्षानुवर्षं फिरतात. ‘दोन भेटींना आल्या नाहीत, दिवसपाळी होती’ असं लिहा. सविस्तर टिपणं वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवा. गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत सांगा : जिवाला धोका किंवा मुलावर अत्याचार असेल तर गप्प राहता येत नाही. नंतर सांगितलंत तर तो विश्वासघात वाटतो.

न्यायालयाने अहवाल मागितला, तर सेवेत काय झालं तेवढंच कळवा. मुलाचा ताबा कोणाला द्यावा, हे मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञाचं. मदत करणाऱ्यानेच निवाडा दिला, तर दोन्ही कामं बिघडतात.

प्रश्न : मानसशास्त्रज्ञाशी बोलायला नकार दिला तर अनुदान थांबेल का?

उत्तर : थांबू नये. बोलणं ऐच्छिक असतं; अनुदान पात्रतेच्या निकषांवर ठरतं. कोणी दोन्हींची सांगड घालत असेल, तर कोणत्या नियमानुसार, हे लेखी मागा.