मिसो सूप शाकाहारी असतं का?

प्रश्न : ताई, मैत्रिणीच्या बढतीनिमित्त आम्ही सगळ्या एका नव्या धाटणीच्या जपानी फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये जाणार आहोत. मी पूर्ण शाकाहारी आहे. मेनूत मिसो सूप, भाज्यांचा तेंपुरा (पातळ पिठात बुडवून तळलेल्या भाज्या), आगेदाशी तोफू (पाणीदार रश्श्यातला तळलेला तोफू) आणि मिसो लावून भाजलेलं वांगं दिसतंय. हे सगळं मला चालेल ना?

उत्तर : विचारल्याशिवाय मागवू नका. या चारही पदार्थांत मासा असू शकतो आणि मेनूवर तसा उल्लेख बहुतेक वेळा नसतो. मिसो म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्यात बिचाऱ्यात मासा नाही. तो येतो दाशीतून.

दाशी हा जपानी स्वयंपाकघरातला रोजचा स्टॉक. कोंबू या समुद्री शेवाळाची जाड पट्टी पाण्यात भिजवून मंद आचेवर तापवतात, उकळी फुटायच्या आत बाहेर काढतात आणि मग त्यात कात्सुओबुशीचे पापुद्रे टाकून लगेच गाळून घेतात. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवलेला मासा. तो पात्यावर किसतात. गाळलेली दाशी इतकी नितळ, फिकट सोनेरी असते की तिच्यात मासा आहे हे नुसतं बघून कुणालाच कळणार नाही. मिसो सूप तिच्यातच करतात. आगेदाशी तोफूभोवतीचं पाणी तीच, तेंपुऱ्यासोबतच्या वाटीतही तीच, आणि वांग्यावरचा मिसो सैल करायलाही अनेक आचारी तीच वापरतात.

आचाऱ्यांचा हा हट्ट उगाच नाही. 1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोंबूतून ग्लुटामेट हे द्रव्य वेगळं काढलं आणि त्याच्या भरदार, खमंग चवीला उमामी हे नाव दिलं. कात्सुओबुशीत इनोसिनेट नावाचं दुसरं द्रव्य असतं. दोन्ही एकत्र आली की चव नुसती वाढत नाही, कित्येक पटींनी फुलते. पण वाळवलेल्या शिताके मशरूममधलं ग्वानिलेटही हेच काम करतं, म्हणून बौद्ध मठांतला शोजिन र्‍योरी हा शाकाहारी स्वयंपाक कोंबू आणि शिताकेच्या दाशीवर उभा आहे. मी घरी शिताके रात्रभर गार पाण्यात फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी तेच पाणी वापरते. ही दाशी गडद होते, तिला मातीचा थोडा वास असतो आणि चवीत ती कुठेही उणी पडत नाही. तेव्हा शाकाहारी दाशी मागताना संकोच करू नका, तुम्ही आचाऱ्याकडे तडजोड मागत नाही आहात.

ती मागायची मात्र टेबल राखून ठेवतानाच. दाशीचं पातेलं सकाळीच चढतं. ऐन गर्दीत वेटरला सांगितलंत तर तो बिचारा काय करणार? ‘मी मासे खात नाही’ एवढंच सांगू नका, ‘दाशी कशाची आहे?’ असं नेमकं विचारा. फ्यूजनमध्ये आणखी दोन जागा तपासा. किमची, म्हणजे आंबवलेलं कोरियन लोणचं, असेल तर तिच्यात बहुधा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते, आणि जपानी मेयोनेजमध्ये अंडं. तेंपुरा कोळंबी तळलेल्याच तेलात तळतात का, तेही विचारून घ्या. मद्य वर्ज्य असेल तर साके (तांदळाचं मद्य) आणि मिरिन (स्वयंपाकातलं गोडसर मद्य) यांबद्दलही सांगा.

प्रश्न : फ्यूजन म्हणजे जपानी जेवणाची भेसळ, असं माझे थोरले बंधू म्हणतात. पटतं का तुम्हाला?

उत्तर : नाही पटत. ज्या तेंपुऱ्याला आपण अस्सल जपानी म्हणतो त्याची तळणी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. रामेन या रश्श्यातल्या नूडल्सचं मूळ चिनी. 1899 मध्ये साकुरा मारू जहाजाने जपानी मजूर पेरूला पोहोचले, त्यांच्या वस्त्यांतून निक्केई, म्हणजे जपानी-पेरुव्हियन, स्वयंपाक घडला, आणि 1970च्या दशकात पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, काम केलेल्या जपानी आचारी नोबु मात्सुहिसा यांनी लिंबू, मिरची, कोथिंबीर कच्च्या माशाशेजारी आणून बसवली. 1987 मध्ये त्यांनी बेव्हर्ली हिल्समध्ये रेस्टॉरंट काढलं. कच्चा मासा नको म्हणणाऱ्या एका ग्राहकासाठी त्यांनी त्याच कापांवर कडकडीत तापलेलं तेल ओतलं. चर्र झालं, कडा पांढुरक्या पडल्या, आतला मासा कच्चाच राहिला. साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप; त्यातून त्यांचा ‘न्यू स्टाइल साशिमी’ जन्मला. यात भेसळ कुठे आहे? एका माणसाला जेवता यावं म्हणून सुचलेली ती युक्ती होती.

बंधूंचा राग मी समजू शकते, कारण वाईट फ्यूजनही भरपूर आहे. सगळ्यावर ट्रफल तेल (ट्रफल या महागड्या बुरशीच्या वासाचं तेल) शिंपडायचं, सगळ्यावर तिखट मेयोनेजच्या रेघा ओढायच्या, ही सवय मला मनापासून खटकते. त्या तेलाचा वास बहुतेकदा प्रयोगशाळेतून आलेला असतो आणि तो नाजूक मासा पार गिळून टाकतो. माझी कसोटी भाताची. सुशीचा भात अंगाइतका कोमट हवा, दाणा सुटा तरी धरून राहणारा हवा, आंबटपणा जाणवेल इतका व्हिनेगर हवा. भात फ्रिजमधला गार आणि घट्ट लागला, तर वर काहीही सजवलेलं असो, मी त्या रेस्टॉरंटमध्ये दुसऱ्यांदा सुशी मागवत नाही.

प्रश्न : सुशी हाताने खाल्ली तर चालते का? सोया सॉसमध्ये वासाबी कालवावी का?

उत्तर : निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली सुशी, हाताने खुशाल खा, जपानमध्येही खातात. सोया सॉसला माशाची बाजू टेकवा, भाताची नको. भात सॉस शोषतो आणि विस्कटतो. वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी कालवू नका, हवीच असेल तर चिमूटभर थेट माशावर ठेवा. आल्याचे गुलाबी काप दोन घासांच्या मध्ये खायचे, सुशीवर रचायचे नाहीत. चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचू नका आणि एकीच्या चॉपस्टिक्समधून दुसरीच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नका. जपानमध्ये या दोन्ही गोष्टी अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. मैत्रिणीला चाखायला द्यायचं असेल तर तिच्या ताटलीत ठेवा.