फ्लोटिला म्हणजे ताफा, 'लघुआरमार' नव्हे

विचारणा अशी आहे: पहिल्या महायुद्धात उतरण्यापूर्वी ब्रिटिश नौदलाने आपल्या विनाशिका (डिस्ट्रॉयर) 'फ्लोटिलां'मध्ये विभागल्या होत्या, जुन्या विनाशिकांच्या फ्लोटिलाला मराठीत 'लघुआरमार' म्हणावं का?

नाही, मुळीच नाही. हा शब्द मी वारंवार वाचतो आणि दर वेळी चिडतो. स्पॅनिशमध्ये 'फ्लोता' म्हणजे आरमार आणि 'फ्लोटिला' हे त्याचं धाकटं रूप, एवढं कोशात पाहून लोक 'लघु' चिकटवतात. पण धाकट्या असतात त्या बोटी, संख्या नव्हे! 1914 मध्ये हारविच बंदरातल्या पहिल्या आणि तिसऱ्या फ्लोटिलात प्रत्येकी वीसच्या आसपास विनाशिका होत्या. चार-चारांच्या तुकड्या आणि सगळ्यांच्या पुढे एक हलकी क्रूझर, म्हणजे विनाशिकेहून मोठी युद्धनौका. फ्लोटिलाचा कप्तान तिच्यावर असे, कारण विनाशिकेत त्याच्या हाताखालच्या माणसांना जागा पुरत नसे. तिसऱ्या फ्लोटिलाची म्होरकी होती 'अँफियन'. 5 ऑगस्टला तिच्या बरोबरच्या 'लान्स'ने ब्रिटिश नौदलाचा युद्धातला पहिला तोफगोळा डागला, सगळ्यांनी मिळून सुरुंग पेरणारं जर्मन जहाज बुडवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे 'अँफियन' त्याच जहाजाने पेरलेल्या सुरुंगांवर गेली.

मराठीत यासाठी तयार शब्द आहे: ताफा. हल्ली तो मंत्र्यांच्या गाड्यांपुरता उरलाय, पण जुन्या मराठीत ताफा म्हणजे नाचगाण्याचा संच. कलावंतीण, सारंगिया, तबलजी, सगळे मिळून एक. मूळ अरबी 'ताइफा', म्हणजे जमात, टोळी. त्याचं अनेकवचन 'तवाइफ', तेच उर्दूत एकवचन होऊन तवायफ झालं. आणि धातू कुठला? त-व-फ, भोवती फिरणे. काबेला घालतात त्या प्रदक्षिणेचा 'तवाफ' याच धातूतला. म्हणजे ताफा हा नुसता घोळका नाही, त्याच्या पोटात फिरणं आहे! युद्धनौकांच्या भोवती कडं करून फिरणाऱ्या विनाशिकांना याहून नेमका शब्द कुठून आणणार? कुणी म्हणतील, नाचगाण्याचा शब्द नौदलाला शोभत नाही. त्यांना 'पथक' हवं असतं. पण पथक घोडदळाचंही असतं आणि ढोलताशांचंही, त्यात फिरणं कुठे आहे?

हां, जुन्या विनाशिका. नव्या वेगवान बोटी आल्या तशा 'रिव्हर' वर्गासारख्या (1903 पासून पाण्यात उतरलेल्या, 1913 मध्ये 'ई' वर्ग असं नाव पडलेल्या) जुन्या बोटी मुख्य आरमारातून सुटल्या आणि किनारा राखायला गेल्या. सहावी फ्लोटिला डोव्हरला, सातवी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हंबर खाडीत, आठवी-नववी त्याच्याही उत्तरेला. त्यांना इंग्रजीत 'पेट्रोल फ्लोटिला' म्हणत (इंधनातलं पेट्रोल नव्हे, patrol). पेट्रोलला मराठीत गस्त, आणि गस्त आली फारसी 'गश्तन'वरून: वळणे, फिरणे. गस्तीतही फिरणं, ताफ्यातही फिरणं! एक फारसी, एक अरबी, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या मराठीच्या घरातले.

तेव्हा तुमच्या वाक्यात बिनदिक्कत लिहा: सातवा गस्ती ताफा, हंबर.